घर नात्यातले, व्यवहार कागदावरचा

घर बांधणे हा ग्रामीण कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा खर्च होय. ‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण त्या अनुभवातूनच रूढ झाली. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हे शेतीवर जगणारे गाव. सोयाबीन, हळद, कापूस आणि तूर ही या परिसरातील प्रमुख पिके. पिकाचा पैसा वर्षातून एकदोनदाच हाती येतो. घराचे काम मात्र एकदा सुरू झाले की मध्येच थांबविणे परवडत नाही. अशा वेळी पहिला हात पुढे येतो तो नातलगाचा. भाऊ पैसे उसने देतो, सासरे सळयांचा खर्च उचलतात, बहीण आपला हिस्सा सोडते, आई नावावरची जागा मुलाला देते. बँकेच्या कागदपत्रांची वाट न पाहता घर उभे राहते ते या आपलेपणामुळे.

परंतु हाच आपलेपणा काही वर्षांनी कोर्टकज्ज्याचे कारण ठरतो. त्याचे मूळ पुष्कळदा लबाडीत नसते. दिलेला पैसा देणगी होता, कर्ज होते की हिश्श्याची किंमत होती, हे त्या वेळी कोणी ठरविलेलेच नसते. देणारा एक समजतो, घेणारा दुसरे. दोघे हयात असेपर्यंत निभावून जाते. पुढच्या पिढीत तेच घर वादाचे ठिकाण बनते. नात्यातील व्यवहार कागदावर आणणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. नाते जपण्याचा तो मार्ग आहे. गावातील लोक सल्ल्यासाठी प्रथम सरपंच, पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांच्याकडेच येतात. म्हणून या विषयाची तोंडओळख त्यांना असणे अगत्याचे आहे.

प्रथम मालक कोण ते पाहावे

कोणत्याही व्यवहारापूर्वी घराचा आणि जागेचा मालक कोण, याचा निर्णय व्हावयास हवा. गावातील पुष्कळ घरांचा एकमेव कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो. कर कोणाकडून वसूल करावयाचा हे त्यावरून कळते. मालकी मात्र त्याने सिद्ध होत नाही. थोरल्या भावाचे नाव उताऱ्यावर आहे म्हणून घर एकट्या थोरल्याचे ठरत नाही आणि धाकट्याचे नाव नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. महाराष्ट्रात ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे त्यापूर्वीच झाला होता. या मोजणीनंतर गावठाणातील प्रत्येक मिळकतीचा नकाशा आणि मिळकत पत्रिका तयार होते. १८ जानेवारी २०२५ रोजी देशातील ५० हजारांहून अधिक गावांत ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिकांचे वितरण झाले. मोजणीच्या वेळी घरातील सर्व हिस्सेदारांनी हजर राहून नावे तपासून घेणे हिताचे असते; एकाचेच नाव लागले तर पुढे ते दुरुस्त करण्यात वर्षे जातात.

मराठवाड्यात आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सप्टेंबर १९४८ पूर्वी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत चाले. त्यामुळे जुन्या पेटीतील कागद उर्दूत किंवा मोडी लिपीत असू शकतो. तो निरुपयोगी समजून टाकून न देता जाणकाराकडून वाचून घ्यावा. दुसरे असे की, जागा पूर्वीच्या इनाम जमिनीपैकी असेल तर हस्तांतरावर निर्बंध असू शकतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद आढळल्यास तहसील कार्यालयात चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बहिणीचा आणि आईचा हिस्सा

वडील मृत्युपत्र न करता वारले आणि घर त्यांच्या स्वकष्टाचे असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली या सर्वांना समान वाटा मिळतो. मयताची आई हयात असल्यास तिलाही तेवढाच वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून लागू केली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून ती देशभर झाली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले.

राहत्या घराच्या बाबतीत पूर्वी एक विशेष अडथळा होता. पुरुष वारस स्वतः वाटणी करीपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम २३ वगळण्यात आले. ‘लग्न झालेल्या मुलीचा घरात वाटा नसतो’ हे विधान म्हणूनच आज कायद्याला धरून नाही. बहिणीने हिस्सा सोडावा की घ्यावा हा तिचा निर्णय आहे. तिला न विचारता तिचे नाव वगळणे हा मात्र अन्याय आहे आणि त्या घरावर पुढे कर्ज मिळण्यासही तो अडथळा ठरतो.

हिस्सेदाराला आपला वाटा विकावयाचा असेल तर घर कुटुंबात राहावे यासाठीही कायद्याने तजवीज केली आहे. वारसाने एकत्रित आलेल्या मिळकतीतील वाटा एक वारस विकू लागल्यास इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील वाटा परक्याने विकत घेतला, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार त्याला कुटुंबासमवेत ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केल्यास १८९३ च्या वाटणी कायद्यान्वये कुटुंबातील हिस्सेदाराला तो वाटा न्यायालय ठरवील त्या किमतीस घेता येतो. मुस्लिम कुटुंबांस त्यांचा वैयक्तिक कायदा लागू असल्याने वाटे वेगळे पडतात. त्यांनी त्या कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. गोरेगावातील एका कुटुंबात वडील वारले. मागे आई, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेल्या जागेवर जुने माळवदाचे घर आहे. घर व जागा मिळून किंमत ८ लाख रुपये धरल्यास प्रत्येकाचा वाटा २ लाखांचा होतो. थोरला मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. धाकटा शेती पाहतो, आईला सांभाळतो आणि जुने घर पाडून पक्के घर बांधू इच्छितो. थोरला आपला वाटा धाकट्याला देण्यास तयार आहे आणि बांधकामासाठी ३ लाख रुपये उसने देण्यासही. बहीण वाटा सोडण्यास राजी आहे.

वरवर पाहता हा एकच कौटुंबिक निर्णय आहे. वस्तुतः हे तीन निरनिराळे व्यवहार आहेत. थोरल्याच्या वाट्याची विक्री, बहिणीची हक्कसोड आणि बांधकामाचे कर्ज. आईचा वाटा हा चौथा प्रश्न. हे सर्व तोंडी झाले तर दहा वर्षांनी थोरल्याची मुले म्हणतील, आमच्या वडिलांचा वाटा आणि वर ३ लाख या घरात आहेत, तेव्हा अर्धे घर आमचे. धाकट्याची मुले म्हणतील, ती भावाने भावाला केलेली मदत होती. दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतील आणि पुरावा कोणाकडेच नसेल.

विक्री : खरेदीखत आणि उरलेली रक्कम

शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साध्या मुद्रांकावर दोन साक्षीदारांसमक्ष लिहिलेला किंवा केवळ नोटरीपुढे केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सांगितले आहे. दस्त सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकांकडे नोंदणीस सादर करावा लागतो. भावाला स्वस्तात दिले तरी मुद्रांक शुल्क हे लिहिलेली किंमत आणि शासनाच्या मूल्यदर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल तीवर द्यावे लागते.

नात्यातील विक्रीत सर्व पैसे एकदम दिले जात नाहीत. वरील उदाहरणात धाकट्याने ५० हजार रुपये रोख्याच्या वेळी आणि उरलेले दीड लाख तीन वार्षिक हप्त्यांत द्यावयाचे ठरविले, तर खरेदीखतात तसेच लिहावे. संकोचापोटी ‘संपूर्ण रक्कम पोचली’ असे लिहून देण्याची प्रथा घातक आहे. राहिलेली किंमत खतात नमूद असेल तर त्या रकमेपुरता विकणाऱ्याचा बोजा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार त्या घरावर राहतो आणि मुदत कायद्याप्रमाणे तो १२ वर्षांपर्यंत बजावता येतो. खोटी पोच दिल्यास हे संरक्षण हातचे जाते.

देणगी : बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र

मोबदला न घेता घर द्यावयाचे असेल तर बक्षीसपत्र करावे. ते नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते, व घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे लागते. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये ठरविण्यात आले. भाऊ आणि बहीण या यादीत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा असू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात अनेक दस्तांवरील १०० व २०० रुपयांचे शुल्क ५०० रुपये करण्यात आले. म्हणून दस्त लिहिण्यापूर्वी चालू दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा.

सहहिस्सेदाराला आपला वाटा सोडून देण्यासाठी हक्कसोडपत्र करतात. वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क भावाबहिणींच्या लाभात मोबदल्याशिवाय सोडल्यास शुल्क नाममात्र असते. ज्याचा मिळकतीत मुळीच वाटा नाही त्याच्या लाभात हक्कसोड करता येत नाही. बहिणीला काही रक्कम दिली जाणार असेल तर ती दस्तात स्पष्ट लिहावी. भाऊबीजेच्या साडीवर हिश्श्याचा हिशेब मिटविण्याचे दिवस आता मागे पडले आहेत.

आईवडिलांनी घर मुलांच्या नावे करताना विशेष सावध असावे. एकदा केलेले बक्षीसपत्र देणाऱ्याला मनात येईल तेव्हा रद्द करता येत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ ने मात्र एक आधार दिला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरविण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करता येते. महाराष्ट्रात हे काम उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आहे. ही अट दस्तात लिहिलेली असावी. ‘हयातभर या घरात राहण्याचा हक्क आईने राखून ठेवला आहे’ हे वाक्यही त्यात असावे. वरील उदाहरणातील आईने आपला वाटा स्वतःकडेच ठेवला तरी धाकट्याच्या बांधकामास बाध येऊ नये. तिची लेखी संमती पुरेशी ठरू शकते. तिच्या पश्चात मात्र तो वाटा, मृत्युपत्र नसल्यास, मुलीसह तिन्ही मुलांकडे जाईल, हे सर्वांनी आधीच समजून घ्यावे.

कर्ज : मुदतीचे भान

भावाने भावाला दिलेल्या कर्जालाही १९६३ चा मुदत कायदा लागू असतो. मागणी करताच परत देण्याच्या बोलीवर दिलेल्या पैशाची मुदत साधारणतः दिल्या तारखेपासून तीन वर्षे असते. ‘घाई नाही, सवडीने दे’ असे म्हणणारा थोरला भाऊ चौथ्या वर्षी कायद्याच्या दृष्टीने रिकाम्या हाताने उभा असतो. ती तीन वर्षे संपण्यापूर्वी घेणाऱ्याने सही करून कर्ज मान्य केले, किंवा काही रक्कम फेडून तशी लेखी नोंद केली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. दर दिवाळीला दोघांनी हिशेब लिहून सह्या केल्या तरी पुष्कळ काम भागते.

कर्जाच्या कागदात पाच गोष्टी असाव्यात : रक्कम, दिल्याची तारीख व रीत, व्याज आहे की नाही, हप्त्यांच्या तारखा आणि दोघांपैकी कोणी वारल्यास जबाबदारी कोणावर. बिनव्याजी असेल तर ‘बिनव्याजी’ असे लिहावे. २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेणे वा फेडणे प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहे. दोघांचेही उत्पन्न केवळ शेतीचे असून कोणासही करपात्र उत्पन्न नसेल तर रोखीने कर्ज घेण्यास सवलत आहे. मिळकतीच्या विक्रीपोटी घ्यावयाच्या रकमेलाही ही मर्यादा २०१५ पासून लागू आहे. तरीही बँक खात्यातून व्यवहार करणे सर्वांनाच सोयीचे, कारण खात्याचा उतारा हाच उत्तम साक्षीदार होय. भाऊ, बहीण, आईवडील, काका, मामा अशा जवळच्या नातलगांकडून मिळालेल्या देणगीवर घेणाऱ्याला प्राप्तिकर पडत नाही. चुलतभाऊ व मावसभाऊ या यादीत येत नाहीत. यादीबाहेरच्या व्यक्तींकडून वर्षभरात मिळालेली देणगी ५० हजारांच्या वर गेल्यास ती उत्पन्नात धरली जाते.

मोठ्या रकमेसाठी नोंदणीकृत गहाणखत करणे अधिक सुरक्षित. त्यावरील वसुलीची मुदत १२ वर्षांची आहे. परंतु ‘नावापुरते खरेदीखत करून दे, पैसे फिटले की घर परत लिहून देतो’ या बोलीवर कोणीही विसंबू नये. घर परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही. अशा नावापुरत्या खरेदीखताने राहते घर हातचे जाऊ शकते.

दुसऱ्याच्या जागेवर बांधकाम

पैसा घातला म्हणून घर आपले, हा आणखी एक गैरसमज. वडिलांच्या किंवा भावाच्या जागेवर स्वखर्चाने बांधकाम केल्याने तेवढ्यावरून जागेची मालकी मिळत नाही. म्हणून जागेचा प्रश्न आधी मिटवावा आणि मग पाया खोदावा. बांधकामास ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. जागा शेतजमिनीत असेल तर अकृषिक वापराची पूर्तता करावी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या लाभार्थ्यालाही जागेचा पुरावा लागतो. या योजनेत साध्या भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. राज्य शासनाने २०२५ मध्ये त्यात ५० हजार रुपयांची भर घातली. त्यापैकी १५ हजार रुपये छतावरील सौर यंत्रणेसाठी आहेत.

घरकुलाचे पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्यांनी मिळतात. नातलगांनीही हाच धडा घ्यावा. ३ लाख रुपये एकदम देण्याऐवजी जोते, छज्जाची पातळी आणि स्लॅब अशा टप्प्यांवर दिले तर पैसा घरातच लागतो आणि प्रत्येक टप्प्याची नोंद राहते.

त्या पैशातून उभे राहणारे घर मजबूत असणे हाही व्यवहाराचाच भाग होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. काळ्या जमिनीत पाया कठीण थरापर्यंत नेणे आणि जोते, छज्जा व छत यांच्या पातळीवर सिमेंट-काँक्रीटचे सलग पट्टे देणे, यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात आधीच असावी.

पंचायत आणि शाळा यांचे काम

घरातील सर्वांनी एकत्र बसून वाटे ठरविले असतील तर ते तोंडी ठरलेले कुटुंबव्यवस्थेचे बोलणेही ग्राह्य धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये काळे प्रकरणात म्हटले आहे. झालेल्या वाटणीची केवळ आठवण म्हणून लिहिलेल्या टिपणास नोंदणी लागत नाही. नवा हक्क निर्माण करणाऱ्या कागदास ती लागते. हा भेद सूक्ष्म असल्याने शंका असेल तेथे नोंदणी करणेच श्रेयस्कर.

ग्रामपंचायतीने वारस नोंद करताना मुलींची व विधवेची नावे वगळली गेली नाहीत ना, हे पाहावे. नोंदणीकृत दस्ताशिवाय केवळ अर्जावरून नमुना ८ वरील नाव बदलू नये. ग्रामसभेत वर्षातून एकदा या विषयावर माहिती द्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल त्यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत साहाय्य मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिक्षकांना गणिताच्या तासाला हप्त्यांचा हिशेब आणि भाषेच्या तासाला पावतीचे लेखन शिकविता येईल. अशी पावती लिहावयास शिकलेला विद्यार्थी घरातील पहिला लेखनिक ठरू शकतो.

कुटुंबाचे घर उभे राहते ते विटा आणि सिमेंट यांबरोबरच परस्परांच्या त्यागावर. बहिणीने सोडलेला वाटा, भावाने दिलेले कर्ज आणि आईने दिलेली जागा यांची योग्य नोंद ठेवणे हा त्या त्यागाचा सन्मान आहे. बांधकाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस दुय्यम निबंधक कार्यालयात घालविला, तर पुढची अनेक वर्षे न्यायालयात जाण्यापासून वाचतील आणि नव्या घराच्या वास्तुशांतीला सर्व भावंडे एका पंगतीला बसू शकतील.